गाणी आमची, सूची कोणाची?

संगीताचा इतिहास म्हटला की गायकांची आणि वादकांची चरित्रे डोळ्यांपुढे येतात. परंतु ऐकणाऱ्यालाही एक इतिहास आहे, आणि त्यात हक्कांचे झगडेही आहेत. त्यांपैकी एक झगडा, खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राचा, आज आम्ही श्रोत्यांपुढे मांडणार आहोत.

१९९८ साली अमेरिकेत डायमंड मल्टिमीडिया या कंपनीने 'रिओ' नावाचे यंत्र विक्रीस आणले. त्याची साठवण अवघी ३२ मेगाबाइट. म्हणजे बऱ्या प्रतीचे संगीत अर्ध्या तासाचे. तरीही ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघाने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने रिओच्या बाजूने निकाल दिला. आपल्या संगणकावरील संगीत बरोबर नेण्यासाठी यंत्रात उतरवून घेणे हा खाजगी वापरच होय, असा त्याचा आशय होता.

कायद्याने हक्क मिळाला; पण तो बजावण्याचे साधन कोणाच्या हाती राहणार? हा प्रश्न पुढे उभा राहिला.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीने 'आयपॉड' जाहीर केला. त्यात एक हजार गाणी मावत. मात्र त्याची व्यवस्था विलक्षण होती. एखाद्या ग्रंथालयात पुस्तकांची नावे पुसून ती हवी तशी कपाटांत कोंबावीत आणि कोणते पुस्तक कोठे आहे हे फक्त ग्रंथपालाच्या वहीत असावे, तसाच हा प्रकार. गाण्यांच्या फाइली निरर्थक नावांनी निरनिराळ्या कप्प्यांत पडत. गायक, शीर्षक आणि क्रम एका गूढ सूचीत नोंदलेले असत. सूचीत नोंद नसेल, तर यंत्रात असलेले गाणेही यंत्राला दिसत नसे. आणि ती सूची लिहिणारा कंपनीचा कार्यक्रम लिनक्स वापरणाऱ्यांसाठी नव्हताच.

तेव्हा त्या मंडळींनी सूचीची रचना स्वतःच उलगडली. 'ग्नूपॉड' हा आज्ञासंच त्यातूनच आला. तो कमांड लाइनवर, म्हणजे चित्रांवर टिचकी न मारता अक्षरांत आज्ञा लिहून चालवावयाचा. एका आज्ञेने गाणे यंत्रात जाई आणि त्याची नोंद माणसाला वाचता येईल अशा साध्या यादीत होई. दुसरीने त्या यादीवरून यंत्राची सूची नव्याने तयार होई. दुसरी आज्ञा राहिली, तर गाणे आत असूनही मुके! काम थोडे किचकट खरे, पण शंभर गाणी एका ओळीत भरता येत, आणि यादी मालकाच्या हाती राही.

सप्टेंबर २००७ मध्ये आलेल्या नव्या आयपॉडांत कंपनीने सूचीवर एक गणिती मोहोर लावली. मोहोर जुळली नाही, तर भरलेले यंत्रही रिकामे असल्याचे सांगे. जाणकारांनी थोड्याच दिवसांत ते गणित सोडविले. नोव्हेंबर २००८ मध्ये अशाच मोहोरेची चर्चा करणाऱ्या 'ब्लूविकी' या स्थळाला कंपनीच्या वकिलांचे पत्र गेले. एप्रिल २००९ मध्ये स्थळचालकाने उलट दावा लावला. जुलैमध्ये कंपनीने आपले म्हणणे मागे घेतले. प्रकरण मिटले, परंतु मूळ प्रश्नावर न्यायालयाचा निर्णय झाला नाही.

मे २०२२ मध्ये आयपॉडची परंपरा संपल्याचे कंपनीने जाहीर केले. आता बहुतेकांची गाणी दूरच्या भांडारातून वाहत येतात. तेथे फाइलही आपली नाही आणि सूचीही नाही; वर्गणी थांबली की भांडाराचे दार बंद.

वस्तू विकत घेतल्याने मालकी पुरी होते, असा आपला समज असतो. ती वस्तू उघडता येणे, तिच्यातील ठेव मोजता येणे आणि दुसरीकडे नेता येणे, हे हाती नसेल तर ती मालकी अपुरीच म्हणावी लागेल. न्यायालयाने दिलेला हक्क मूठभर लोकांनी आज्ञांच्या चार ओळींनी वापरात आणला, हेच या प्रकरणाचे महत्त्व आहे, असे आम्हांस वाटते.