बाभळीचे लाकूड : बांधावरचे झाड जळणाच्या भावात देण्याआधी

बीड जिल्ह्यात सिंदफणा, मांजरा नद्यांच्या काठी आणि काळ्या रानाच्या बांधावर बाभूळ आपोआप उगवते. लावावी लागत नाही म्हणून तिची किंमतही कळत नाही. व्यापारी येतो, उभ्या झाडाचा उक्ता भाव सांगतो आणि औजाराचे लाकूड जळणात जाते.

आधी झाड ओळखा. गावठी बाभळीची फुले पिवळी, गोल गोंड्यासारखी असतात आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी दिसते. वेड्या बाभळीला लांबट तुऱ्यासारखी फुले येतात. तिचा कोळसा चांगला होतो, पण सरळ, जाड खोड क्वचितच मिळते.

गावठी बाभळीचे वाळलेले लाकूड घनमीटरला साधारण ८०० किलो भरते. सागाचे ६५० च्या आसपास. कठीणपणात ती सागाच्या जवळपास दुप्पट मानली जाते आणि धक्का चांगला सोसते. म्हणून बैलगाडीचे तुंबे, आरे, पुठ्ठे, तसेच जू, वखराची दिंड, कुऱ्हाडीचे दांडे यांसाठी सुतार तीच निवडत आला. टायरगाड्या आणि लोखंडी औजारे आली, तरी दांडे, खांब, तुळया आणि चौकटी यांसाठी ती आजही उपयोगी आहे. जळणातही ती कमी नाही : किलोला सुमारे ४,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. सालीत १२ ते २० टक्के टॅनिन असते, त्यामुळे ती कातडी कमावायला चालते.

टिकतो तो मात्र तांबूस-तपकिरी गाभा. बाहेरचे पांढरे लाकूड भुंगेरे पोखरतात. कोवळ्या झाडात गाभा थोडा असतो, म्हणून लाकडासाठी झाड १५ ते २० वर्षे राखा. तोडल्यावर लगेच साल काढा आणि ओले असतानाच चिरून घ्या. वाळल्यावर करवत चालत नाही. चिरलेले तुकडे काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, मग जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. टोकांना शेण किंवा रंग लावला तर भेगा कमी पडतात. वाळलेल्या लाकडात खिळा सरळ ठोकू नका, वाकतो. आधी भोक पाडा.

विकताना ओंडका मोजा. घेर चार फूट, लांबी आठ फूट असेल तर घेराचा चौथा भाग एक फूट. १ × १ × ८ म्हणजे ८ घनफूट. ही रीत प्रत्यक्षापेक्षा सुमारे पाचवा भाग कमी दाखवते, हे भाव ठरवताना ध्यानात ठेवा. सरळ बुंधा लाकूड म्हणून आणि फांद्या जळण म्हणून वेगळ्या विका.

१९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, अंजन, चिंच, आंबा आहेत, बाभूळ नाही. तरीही तोडणी आणि वाहतुकीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

नवी लावायची तर बांधासाठी रामकाठी घ्या. तिच्या फांद्या वर उभ्या जातात, त्यामुळे पिकावर सावली कमी पडते. पसरट बाभळीखाली ज्वारी खुरटते, हे तुम्ही पाहिलेच असेल. बियांचे कवच टणक असते. उकळून थोडे निवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यावर गोठ्यात पडलेले बी लवकर उगवते, पण त्याच शेळ्या रोपे खातात. पहिली दोन-तीन वर्षे काट्यांचे कुंपण लागेल.