हार्वेच्या मुली

माणसें मिळत नाहींत आणि मिळालीं तर टिकत नाहींत, ही उपाहारगृहें चालविणारांची तक्रार आजचीच आहे असें कित्येकांस वाटतें. त्यांना आम्ही अमेरिकेंतील एक जुनी हकीकत सांगूं इच्छितों.

फ्रेड हार्वे हा १८३५ सालीं इंग्लंडांत जन्मलेला गृहस्थ. ऐन तारुण्यांत तो न्यूयॉर्कास गेला व तेथें एका उपाहारगृहांत भांडीं विसळूं लागला. त्या काळीं आगगाडीच्या उतारूंस वाटेंत मिळे तें अन्न बहुधा शिळें. आणि तेंही घशाखालीं उतरण्यापूर्वींच गाडीची शिटी व्हावयाची! १८७६ मध्यें सांता फे रेल्वेच्या टोपेका स्टेशनावर हार्वेनें स्वच्छ भोजनगृह उघडलें; पुढें रूळ जसजसे पश्चिमेस सरकले, तसतशीं त्याचीं भोजनगृहेंही सरकलीं. बर्फाच्या डब्यांतून मांस व फळें आणतां येत; वाढणारे हात कोठून आणावयाचे? त्या ओसाड मुलखांत नीट वागणारा व टिकून राहणारा वाढपी मिळणें दुर्मिळ होतें.

१८८३ सालीं न्यू मेक्सिकोंतील रॅटन येथें कांहीं दंगा झाला आणि हार्वेनें तेथील पुरुष वाढप्यांस रजा देऊन त्यांच्या जागीं तरुणी नेमल्या. मग वर्तमानपत्रांतून जाहिराती निघाल्या: वय १८ ते ३०, चारित्र्य चांगलें, बुद्धि तरतरीत. पगार दरमहा साडेसतरा डॉलर. शिवाय राहणें, जेवण, बक्षिसी व रेल्वेचा पास. काळा झगा, पांढराशुभ्र एप्रन, रात्रीं ठराविक वेळेच्या आंत वसतिगृहांत हजेरी, आणि देखरेखीस एक पोक्त बाई. गिऱ्हाइकास काय पेय हवें तें एक मुलगी विचारी व त्याप्रमाणें पेला उताणा, पालथा किंवा कलता ठेवून पुढें जाई. मागून येणारी दुसरी कांहीं न विचारतां नेमकें तेंच ओती. उतारू थक्क होत.

मुदत संपेपर्यंत लग्न करावयाचें नाहीं, केल्यास पगाराचा कांहीं भाग बुडावयाचा, असा करार असे. पण त्या मुलखांत स्त्रिया थोड्या. जेवावयास येणारे गुराखी, खाणवाले व रेल्वेचे कामगार हेच या मुलींना मागणी घालीत. म्हणजे हार्वेची गिऱ्हाइकें व त्याची माणसें पळविणारे एकच! कित्येक मुली मुदत पुरी करून तेथेंच संसार थाटीत. तरीही जागा ओस पडल्या नाहींत. शाळेंतील अगर परक्या घरची चाकरी यांपलीकडे प्रतिष्ठेची वाट ज्यांना क्वचितच दिसे, त्यांना स्वतःची मिळकत व दूरचा प्रवास यांचें मोल मोठें होतें. वसतिगृहाचा जाच खराच. पण बापाच्या घरीं तो कमी होता असें आम्हांस वाटत नाहीं.

एक गोष्ट मात्र खुपते. हा गणवेश दीर्घकाळ बहुतेक गोऱ्या मुलींच्याच अंगावर चढला. १९०१ मध्यें हार्वे वारला. धंदा त्याच्या मुलांनीं चालविला. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांनीं खचाखच भरलेल्या गाड्या स्टेशनांत येऊं लागल्या, हात कमी पडूं लागले. तेव्हां कोठें त्याच प्रदेशांतील मेक्सिकन वंशाच्या व मूळ रहिवासी जमातींच्या मुलींना मोठ्या संख्येनें बोलावणें गेलें. ज्यांच्या भूमीवरून रूळ टाकले होते, त्यांच्याच त्या लेकी होत्या.