पीसीओएस
प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये सर्रास आढळणारा हा संप्रेरक-विकार शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये वर्णिला. ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ या पूर्ण नावात ‘सिस्ट’ असली तरी सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका होत. शस्त्रक्रियेची धास्ती त्यामुळे अनाठायी आहे. अनेकींचे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, स्वादुपिंड ते जास्त स्रवते आणि बीजांडकोशात पुरुषी संप्रेरके वाढतात. पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस उगवतात. मानेवरचा मखमली काळा पट्टा मळ समजून मुली घासत राहतात. तो बहुधा वाढलेल्या इन्सुलिनचा इशारा असतो. थायरॉइड व प्रोलॅक्टिन तपासूनच निदान करावे. लठ्ठपणा असल्यास वजन ५ ते १० टक्के उतरले तरी अनेकींची पाळी मार्गी लागते. पाळीसाठी संप्रेरक-गोळ्या, इन्सुलिनसाठी मेटफॉर्मिन, तर गर्भधारणेसाठी लेट्रोझोल देतात.