कोळशावरची बस

आजोबा सांगायचे, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा बस कोळशावर धावायच्या. क्लीनर पहाटे भट्टी पेटवून पंखा फिरवत बसायचा. मला ती थाप वाटे. इंजिनिअरिंगला कळलं: अपुऱ्या हवेत कोळसा जाळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्यावर इंजिन चालतं. फ्रान्सच्या जॉर्ज इंबेर यांनी १९२०च्या दशकात लाकडावरची अशी भट्टी बनवली. युद्धात स्वीडनमध्ये हजारो गाड्या अशाच वायूवर धावल्या. पण गंध नसलेला हा वायू गळला की माणसं दगावत. पेट्रोल परतलं आणि भट्ट्या भंगारात गेल्या. आज कचऱ्यापासून वायू बनवण्याच्या योजना वाचताना मी आधी कार्यक्षमतेचा आकडा शोधतो. मग पहाटे पंखा फिरवणारा क्लीनर आठवतो. त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो.