उसनें घेतलेलें नांव

१९९९ च्या मार्च महिन्यांत स्टॅटिक-एक्स या अमेरिकन वाद्यवृंदाचा पहिला ध्वनिमुद्रित गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. कारखान्यांतील घणासारखा एकसुरी ताल, गिटारचे तुटक आघात आणि वेन स्टॅटिक या गायकाचा कर्कश स्वर तरुणांना इतका भावला कीं, अमेरिकेंत त्याच्या दहा लाख प्रती बाजारांत गेल्या. संग्रहाचें नांव ‘विस्कॉन्सिन डेथ ट्रिप’, म्हणजे विस्कॉन्सिनमधील मृत्युयात्रा.

हें नांव मात्र मूळचें मायकेल लेसी यांच्या १९७३ सालच्या इतिहासग्रंथाचें. विस्कॉन्सिनमधील ब्लॅक रिव्हर फॉल्स या लहानशा गांवीं चार्ल्स व्हॅन शाइक नांवाचा छायाचित्रकार होता. त्यानें काचेवर घेतलेलीं छायाचित्रें आणि तेथील वृत्तपत्रांतील त्रोटक बातम्या शेजारीं शेजारीं मांडून लेसींनीं १८९० च्या सुमाराचा काळ उभा केला. घटसर्प घराघरांतून मुलें ओढून नेत होता. १८९३ च्या आर्थिक अरिष्टांत बँका बुडाल्या. आत्महत्या, जाळपोळ, वेड यांच्या वार्ता नित्याच्या झाल्या. शवपेटिकेंत निजविलेल्या अर्भकांचीं चित्रें पाहतांना वाचकाचा हात पान उलटण्यास धजत नाहीं.

अशा शोकाचें नांव करमणुकीस द्यावें काय? वेन स्टॅटिकचा जन्म मिशिगन सरोवराच्या पलीकडच्या तीरावरचा. तरी इतिहास सांगणें हा त्याच्या गीतांचा हेतु नव्हे. तथापि त्या नांवाच्या कुतूहलानें एखादा श्रोता मूळ ग्रंथापर्यंत पोंचला, तर त्या अनाम मुलांकडे आणखी दोन डोळे वळतील. उसन्या नांवाचें एवढें व्याज तरी फिटावें.