त्रिमितीय प्रतिमाने : आज्ञावलींमधील देवाणघेवाण

एका आज्ञावलीत घडवलेले तयार प्रतिमान दुसरीत उघडले म्हणजे ते जसेच्या तसे आले, असे होत नाही. आकार सहसा टिकतो. पृष्ठाचे गुणधर्म, सांगाडा आणि हालचाल मात्र वाटेत गळतात. ओबीजे फाइलीत सांगाडा व हालचाल यांना जागाच नाही, आणि एककही नोंदलेले नसते. म्हणून माणूस मुंगीएवढा उतरू शकतो. ब्लेंडर या आज्ञावलीत वरची दिशा झेड, माया या आज्ञावलीत मूलतः वाय; त्यामुळे प्रतिमान आडवे पडू शकते. एफबीएक्स सांगाडा व हालचाल नेते, पण ते ऑटोडेस्क कंपनीच्या मालकीचे, बंदिस्त स्वरूप आहे. क्रोनोस समूहाने 2017 मध्ये जाहीर केलेले जीएलटीएफ 2.0 खुले असून मीटर हे एकक आणि पृष्ठगुणांची व्याख्या ठरवून देते. 2022 मध्ये ते आयएसओ मानकही झाले.

यावर रास्त आक्षेप असा, की जीएलटीएफ प्रतिमानाची जाळी त्रिकोणांत साठवते, त्यामुळे पुढचे संपादन अवघड होते. म्हणूनच मूळ फाइल जपावी आणि खुले स्वरूप वाहतुकीपुरते वापरावे. रिठदसारख्या (जि. वाशीम) गावातील विद्यार्थ्यासाठी खुल्या स्वरूपाचा मुद्दा फार मोलाचा आहे: ब्लेंडर मोफत आहे, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे आहेत, पण प्रतिमान बंदिस्त स्वरूपातच मिळाले, तर महागड्या आज्ञावलीची अडवणूक मागच्या दाराने परत येते. मात्र फाइलीचे स्वरूप बदलले तरी प्रतिमानाच्या परवान्याच्या अटी बदलत नाहीत.