सोलापूरचा किल्ला आणि माझा खोडलेला प्रश्न

पेटची तयारी करणाऱ्या भंडारा-पवनीकडच्या मुलांचा मला नेहमीचा प्रश्न असतो, ‘दादा, विषय मिळाला, पण संशोधन-प्रश्न कसा काढायचा?’ माझी स्वतःची चूक सांगतो, त्यातून कळेल.

माझा विषय अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांचे राजनैतिक संबंध. आराखड्यात मी लिहिलं होतं, ‘एकाच धर्माची दोन राज्ये आपसात का भांडली?’ मार्गदर्शकांनी ती ओळ खोडली. म्हणाले, ‘धर्म एक म्हणजे भांडण नको, हे तू आधीच धरून चाललास.’

मग मी धर्म बाजूला ठेवला आणि एका किल्ल्यामागे लागलो. सोलापूरचा किल्ला.

दोन्ही राज्यांच्या सीमेवरचा हा किल्ला. 1524 साली बुऱ्हाण निजामशहाचं लग्न इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी, बीबी मरियमशी झालं. सोलापूर हुंड्यात मिळणार, असं नगरकरांचं म्हणणं. विजापूरने किल्ला दिला नाही आणि लवकरच युद्ध पेटलं. म्हणजे सोयरीक झाली, पण सुरक्षेचा प्रश्न तसाच राहिला.

आता पंथ बघा. तेव्हा इस्माईल शिया, बुऱ्हाण सुन्नी. 1534 ला विजापुरात इब्राहिम आला, त्याने सुन्नी पंथ धरला. 1537 च्या सुमारास शाह ताहिरच्या प्रभावाने बुऱ्हाण शिया झाला. दोघांनी जणू जागाच बदलल्या! सोलापूरचं भांडण मात्र जिथल्या तिथे. पंथ हेच मूळ कारण असतं, तर इतक्या उलथापालथीनंतर भांडणाचं रूपही बदलायला हवं होतं.

मित्र कोण, हेही धर्माने ठरत नव्हतं. 1552 च्या सुमारास बुऱ्हाणने विजयनगरच्या रामरायाच्या मदतीने सोलापूर घेतलं. पुढे अली आदिलशहाने त्याच रामरायाला सोबत घेऊन नगरवर स्वारी केली. रामराय डोईजड झाला, तेव्हा हे दोन शेजारी परत जवळ आले. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अलीला दिली आणि सोबत सोलापूरही. अलीची बहीण नगरच्या राजपुत्राला दिली. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटला दख्खनच्या सुलतानांच्या एकत्रित फौजांनी विजयनगरचा पराभव केला. सामायिक शत्रू संपला आणि काही वर्षांतच नगर-विजापूर पुन्हा लढले.

एक सावधगिरी. या राज्यांना ‘मुस्लिम देश’ म्हणून मोकळं होऊ नका. राजघराणी मुस्लिम होती, प्रजा बहुसंख्येने हिंदू होती. आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या चौकटीत त्यांना जसंच्या तसं बसवता येत नाही.

साधनांचंही तसंच. फिरिश्ता आधी नगरला होता, 1589 ला विजापूरला गेला आणि तिथे इब्राहिम दुसरा याच्या आश्रयाने त्याने इतिहास लिहिला. सय्यद अली तबातबाने ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ नगरच्या दरबारासाठी लिहिलं. हुंड्याच्या वचनासारख्या गोष्टीत एकाच दरबाराची साक्ष घेतली, तर निकाल आधीच लागलेला असतो. दोन्ही समोरासमोर ठेवून वाचा.

माझा प्रश्न आता असा आहे: ‘सोलापूरच्या ताब्यामुळे नगर-विजापूरच्या तहांवर आणि सोयरिकींवर काय परिणाम झाला?’ हा प्रश्न लहान आहे, पण याचं उत्तर शोधता येतं. तुमच्या विषयातलं ‘सोलापूर’ कोणतं, ते आधी शोधा. मुलाखतीत तेच विचारतात.